विनिपेगच्या थंडीसाठी डाऊन जॅकेट: इथून न्यावं की तिथे घ्यावं?

मृद्गंध

मंडळी, मुलगी जानेवारीच्या सत्राला कॅनडात, विनिपेगच्या मॅनिटोबा विद्यापीठात शिकायला जातेय. आम्ही नाशिकचे. थंडीशी आमचा संबंध म्हणजे डिसेंबरात पेपरमध्ये निफाडचा पारा वाचायचा, एवढाच. गेल्या आठवड्यात एका दुकानात डाऊन जॅकेट, म्हणजे आत बदक-हंसांची मऊ पिसं भरलेलं जॅकेट बघितलं. इतकं हलकं की हातात काही धरलंय असं वाटेना. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ८०० फिल पॉवर आहे, उणे २० ला आरामात चालेल." किंमत ऐकून मी "विचार करून येते" म्हटलं.

प्रश्न असे: ८०० म्हणजे नक्की काय? उणे २० चा दावा कितपत खरा? आणि जॅकेट इथूनच घेऊन द्यावं की तिथे पोचल्यावर घेऊ द्यावं? सामानाची मर्यादा आहेच. लेकीला विचारलं तर ती फक्त रंगाबद्दल बोलते.

खवचट

निफाडला पारा ४ वर आला की द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटतात. विनिपेगात ४ ला पोरं अर्ध्या चड्डीत फिरतात. बाकी माहिती जाणकार देतीलच, मी खुर्ची आणून बसलोय.

प्रेअरीकर

मृद्गंध ताई, मी विनिपेगातच राहतो, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

जाड कोट इथूनच, म्हणजे विनिपेगातूनच घ्यावा. जानेवारीत रात्रीचा पारा सरासरीनेच उणे २० च्या आसपास असतो आणि उणे ३० चे दिवस दर हिवाळ्यात येतात. भारतात मिळणारी बहुतेक डाऊन जॅकेटं ट्रेकिंगसाठी बनवलेली असतात. हलकी, कमरेपर्यंतची, पिशवीत गुंडाळून ठेवता येणारी. चालत्या माणसाला ती पुरतात. बसथांब्यावर वाऱ्यात उभ्या असलेल्या पोरीला पुरणार नाहीत.

आता ८०० चं. एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम डाऊन ठरावीक वजनाखाली ठेवलं तर ते किती घन इंच जागा अडवतं, तो हा आकडा. ८०० घन इंच म्हणजे जवळपास १३ लिटर. आपला १५ किलोचा तेलाचा डबा असतो ना, तो २८ ग्रॅम पिसांनी पाऊण भरेल. ऊब पिसांची नसते, त्यांच्यात अडकून राहिलेल्या हवेची असते, म्हणून जितकं जास्त फुगेल तितकं चांगलं. इथवर दुकानदार बरोबर आहे.

पण हा आकडा पिसांची प्रत सांगतो, आत पिसं किती भरलीत ते सांगत नाही. ८०० चं डाऊन ८५ ग्रॅम भरलं तर एकूण फुगवटा २४०० घन इंच. ६०० चं, म्हणजे हलक्या प्रतीचं डाऊन २२५ ग्रॅम भरलं तर ४८०० च्या घरात. दुसरं जॅकेट जड असेल, बॅगेत जास्त जागा खाईल, पण ते पहिल्यापेक्षा खूपच उबदार असेल आणि बऱ्याचदा स्वस्तही. ट्रेकला पाठीवर वजन वाहायचं असतं म्हणून लोक ८००-९०० साठी पैसे मोजतात. तुमची लेक कोट अंगावर घालून वर्गात जाणार आणि खुर्चीवर टाकणार. तिला जास्तीचा अर्धा किलो जड होणार नाही. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हा विचारायचा: आत डाऊन किती ग्रॅम आहे?

दुसरी गोष्ट वारा. हा सगळा सपाट माळ, अडवायला डोंगर नाही. पारा उणे २० आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर अंगाला ते उणे ३३ सारखं लागतं. हवामान खातं रोज हे दोन्ही आकडे देतं, लेकीला दुसरा बघायची सवय लागू दे. तो उणे २८ च्या खाली गेला की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. पोर्टेज अॅव्हेन्यू आणि मेन स्ट्रीटचा चौक वाऱ्यासाठी बदनाम आहे, तिथे एकदा उभं राहिलं की कोटाची लांबी का बघायची ते आपोआप कळतं. मांडी झाकेल इतका लांब हवा, गुडघ्यापर्यंत असला तर उत्तमच. टोपी खोल हवी, चेहऱ्याच्या पुढे येणारी. चेनवर वारा अडवणारी पट्टी, मनगटाला आतून विणलेला कफ. आणि चेन खालूनही उघडणारी हवी, नाहीतर लांब कोट घालून बसमध्ये बसताना रोज कसरत.

एक दिलासा असा की विद्यापीठाच्या फोर्ट गॅरी आवारातल्या बऱ्याच इमारती भुयारी वाटांनी जोडलेल्या आहेत आणि शहरात काही बसथांबे गरम केलेले असतात. इमारतींच्या आत २१-२२ अंश असतं, त्यामुळे कोटाच्या आत फार काही चढवायचं नाही. नाहीतर आत घाम आणि बाहेर आल्यावर तोच घाम गार.

पहिल्या दिवसापुरतं: विद्यार्थ्यांच्या गटात आधीच निरोप टाका. विमानतळावर घ्यायला येणारी मंडळी जास्तीचा कोट घेऊन येतात, ही इथली पद्धत आहे. २६ डिसेंबरपासून दुकानांत सवलती सुरू होतात, त्या जानेवारीत रेंगाळतात. २५० ते ४०० डॉलरांत चांगला कोट मिळायला हरकत नाही.

अनुस्वार

वरच्या प्रतिसादाला +१. मी इचलकरंजीचा, कापडाच्या धंद्यातला. कापडाकडे कोणी बघत नाही म्हणून थोडी भर.

लेबलवर २०डी, ७०डी असं लिहिलेलं असतं. ते डेनियर. ९००० मीटर सूत जितकं ग्रॅम भरतं तितका डेनियर. ट्रेकच्या जॅकेटचं कापड १० ते २० डेनियरचं असतं. हाताला रेशमासारखं लागतं, पण रोज पाठीला दप्तर अडकवलं की पट्ट्याच्या घासणीने विरतं. रोजच्या कोटाला जाड कापडच बरं. डाऊन बाहेर येऊ नये म्हणून हे कापड फार घट्ट विणतात आणि वरून गरम रुळांखाली दाबतात, म्हणजे सुतांमधली भोकं बुजतात. तरी एखादं पीस शिवणीतून डोकावतंच. ते उपटायचं नाही. आतल्या बाजूने चिमटीत धरून परत आत ओढायचं. उपटलं की भोक मोठं होतं आणि मागून त्याची भावंडं येतात.

शिवणही बघा. जॅकेटवर आडवे कप्पे दिसतात, ते पिसं सगळी खाली सरकू नयेत म्हणून. स्वस्त आणि हलक्या जॅकेटात वरचं कापड आणि अस्तर थेट एकमेकांना शिवलेलं असतं. त्या शिवणीच्या रेषेत डाऊनची जाडी शून्य, तिथून थंडी येते. चांगल्या कामात दोन्ही कापडांच्या मध्ये उभी पट्टी लावून पेटीसारखे कप्पे करतात. महाग पडतं, कारण शिलाईचं काम वाढतं. मधला मार्ग म्हणजे आत थेट शिवलेला डाऊनचा थर आणि त्यावर वेगळं सलग जाड कापड. शहरात घालायचे बरेच लांब कोट असे असतात, म्हणून बाहेरून त्यांना रेघा दिसत नाहीत.

आणि तो उणे २० चा दावा. स्लीपिंग बॅगसाठी आयएसओ २३५३७ हे प्रमाण आहे, पुतळ्यावर चाचणी होते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे ताडून बघता येतात. रोजच्या जॅकेटांवरचे तापमानाचे आकडे कंपन्या आपापल्या हिशेबाने लिहितात. एकाचा उणे २० दुसऱ्याच्या उणे १० इतकाच असू शकतो. आत काय घातलंय, माणूस उभा आहे की चालतोय, हेही त्या आकड्यात कुठे दिसत नाही.

हिमवाट

प्रेअरीकर दादांशी थोडी असहमती. ट्रेकचं पातळ जॅकेट वाया जात नाही. मी हिवाळी ट्रेकना तेच वापरतो. चालताना नाही हं. चढावर डाऊन घालून चाललात की पंधरा मिनिटांत पाठ ओली, आणि ओलं डाऊन चिकटून गोळा होतं, मग त्यात हवा कुठून राहणार? मुक्कामी पोचलं की पहिल्यांदा ते बाहेर काढायचं, अंग गरम आहे तोवर. लडाखमधल्या गोठलेल्या नदीवरच्या चादर ट्रेकला, जिथे रात्री पारा उणे २५ पर्यंत जातो, तिथेही लोक एका जाडजूड जॅकेटवर न विसंबता थरावर थर घालतात.

म्हणून म्हणतो, इथून एक पातळ डाऊन घेऊन द्या आणि तिथे वरून सैल, वारा अडवणारा कोट घेऊ दे. ऑक्टोबरात पातळ एकटं चालेल, जानेवारीत दोन्ही.

जाता जाता: १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंचने फुग्याच्या कापडात आयडर बदकाचं डाऊन भरून कोट शिवून घेतला होता. बाकीचे गोरे साहेब ट्वीडचे कोट आणि लोकरीचे स्वेटर घालून. आधी त्याची चेष्टा झाली, वर गेल्यावर तीच मंडळी त्याच्या कोटाकडे बघत बसली. अमेरिकेत एडी बाउरने शिवणीच्या कप्प्यांच्या डाऊन जॅकेटचं पेटंट मिळवलं ते १९४० मध्ये. म्हणजे आज आपण ज्याला नवीन फॅशन समजतो ती शंभर वर्षं जुनी आहे.

प्रेअरीकर

हिमवाट, दोन थरांची कल्पना चांगली आहे, फक्त 'सैल' या शब्दाखाली जाड रेघ मारा. वरचा कोट अंगाबरोबर बसणारा असेल तर आतलं डाऊन दाबलं जातं, आणि दाबलेल्या डाऊनमध्ये काही राम नाही. तरुण मुली कोट नेमका मापात घेतात. इथे एक माप मोठा घ्यायचा आणि आत स्वेटर घालूनच बघायचा. हात वर करून पाहा, कंबर उघडी पडते का. आणि आरशात कसं दिसतं हा मुद्दा मार्चपर्यंत बाजूला ठेवायचा.

स्वाती_मिनेसोटा

मी मिनिआपोलिसची, विनिपेगची दक्षिणेकडची शेजारीण म्हणा. ३० जानेवारी २०१९ ला आमच्याकडे पारा उणे ३३ सेल्सिअसवर होता, वारा धरून तर विचारूच नका. शाळा, टपाल, सगळं बंद. त्यामुळे डाऊनच्या विरोधात मी बोलणार नाही. पण सगळे जॅकेटमध्येच अडकलेत म्हणून लिहितेय.

डाऊनचा शत्रू थंडी नाही, ओल आहे. उणे २० ला पडणारा बर्फ कोरडा असतो, झटकला की गेला. त्रास होतो तो नोव्हेंबरात आणि मार्च-एप्रिलमध्ये, पारा शून्याच्या आसपास असताना. तेव्हा बर्फ ओला असतो, मधूनच पाऊस. तेव्हा कृत्रिम धाग्यांचं जॅकेट बरं पडतं, कारण ते ओलं झालं तरी बऱ्यापैकी ऊब धरतं. प्रायमालॉफ्टसारखं भरण १९८० च्या दशकात अमेरिकी सैन्यासाठी म्हणूनच तयार झालं, डाऊनसारखं उबदार पण ओलीला न घाबरणारं हवं म्हणून. तोटा एवढाच की तितक्याच उबेला ते जास्त जड होतं आणि सारखं दाबून ठेवलं तर काही वर्षांत चपटं होतं. नीट सांभाळलेलं डाऊन त्याच्यापेक्षा खूप जास्त टिकतं.

आणि मृद्गंध ताई, कोटासाठी ठेवलेल्या पैशांतले काही बूट आणि हातमोज्यांना काढून ठेवा. थंडी आधी बोटांना खाते. पाच बोटांचे मोजे उणे २५ ला कुचकामी. चारही बोटं एकत्र राहतात ते मिटन घ्यायचे. बूट एक माप मोठे, जाड लोकरीचे पायमोजे घालूनही आत बोटं हलली पाहिजेत. कोट कितीही भारी असू दे, पाय गारठले की माणूस रडतो. मी मोठमोठे बाप्ये रडताना पाहिलेत.

पापभीरू

हे सगळं वाचतोय, पण कोणी मूळ मुद्द्याला हात घालत नाही. ही पिसं येतात कुठून? जिवंत पक्ष्यांची उपटतात असं वाचलं होतं. आमच्याकडे घरात अंडंही येत नाही, आणि पुतण्या टोरांटोला निघालाय.

अनुस्वार

रास्त प्रश्न आहे. बहुतेक डाऊन हे बदक आणि हंसांच्या मांसाच्या धंद्यातून येतं, सर्वात जास्त चीनमधून, शिवाय हंगेरी, पोलंड वगैरे. जिवंतपणी पिसं उपटण्याचे प्रकार झालेत, त्यावर ओरडही झाली. त्यातून २०१४ मध्ये आरडीएस, म्हणजे जबाबदारीने मिळवलेल्या डाऊनचं प्रमाणपत्र आलं. जिवंत पक्ष्याची पिसं उपटायची नाहीत, जबरदस्तीने खाऊ घालायचं नाही, या त्यातल्या मुख्य अटी. लेबलवर ती खूण शोधता येते. पण पक्षी मारला जातोच. तुमच्या घरी अंडं येत नसेल तर ही खूण तुमचं समाधान करेल असं मला वाटत नाही. सरळ कृत्रिम भरणाचा जाड पार्का, म्हणजे टोपीवाला लांब कोट घ्या. टोरांटोची थंडी विनिपेगपेक्षा बरीच सौम्य आहे, व्यवस्थित भागेल. टोपीच्या कडेची फर मात्र नकली आहे ना, तेवढं विचारा. खऱ्या फरपासून बऱ्याच कंपन्या आता दूर गेल्यात, कॅनडा गूजने २०२२ च्या अखेरीस वापर थांबवला, पण जुना माल फिरत असतो.

खवचट

म्हणजे पुतण्याचा कोट शाकाहारी आणि बूट चामड्याचे, असं होणार. बघा बुवा.

पापभीरू

खवचट, बूट रबराचेच बघतोय. अनुस्वार, मनापासून आभार.

मृद्गंध

केवढी माहिती! दुकानात पुन्हा गेले आणि ग्रॅमचा प्रश्न विचारला. लेबलवर आत कुठेतरी बारीक अक्षरात ९० ग्रॅम निघालं. तेव्हा ठरलं असं: ते जॅकेट नाही. इथून साधं पातळ, दोन जोड थर्मल आणि फ्लीस. जाड कोट आणि बूट तिकडे. तिथे राहणाऱ्या एका सिनिअर मुलीने कोट घेऊन विमानतळावर यायचं कबूल केलंय.

आता आणखी दोन शंका. सासूबाईंनी नातीसाठी शुद्ध लोकरीचा स्वेटर विणायला घेतलाय, तो चालेल ना? नाही म्हणायची माझी हिंमत नाही. आणि ती सिनिअर म्हणते, वापरलेला कोट अर्ध्या किमतीत मिळेल. घ्यावा का?

स्वाती_मिनेसोटा

स्वेटर पळेल! लोकर दमट झाली तरी ऊब देते. विणीतून वारा जातो, पण वर कोट असल्यावर काळजी कशाची. फक्त त्याच्या आत सुती बनियन नको, सूत घाम धरून बसतं. आत थर्मल, वर आजीचा स्वेटर, वर कोट. आणि विणताना गळा थोडा उंच घ्यायला सांगा.

प्रेअरीकर

वापरलेला कोट जरूर घ्यावा, इथे विद्यार्थी तेच करतात. पदवी मिळवून गरम गावी जाणारे कोट विकूनच जातात. बघताना एवढं करायचं: मुठीत घट्ट दाबायचा आणि सोडायचा. लगेच फुगून वर आला तर डाऊन जिवंत आहे. मग उजेडासमोर धरून खांद्यावर, काखेत आणि कोपरांशी कप्पे रिकामे आहेत का ते बघायचं, पिसं तिथूनच आधी सरकतात. गोळे लागले किंवा कुबट वास आला तर सोडून द्यायचा. चेन चार वेळा लावून काढायची. उणे ३० ला बसथांब्यावर चेन अडकली की तो कोट फुकट मिळाला असला तरी महाग.

दोन_पिल्लांची_आई

विषय थोडा वेगळा, पण हिवाळ्यात हा धागा वाचायला लहान मुलांचे आईबापही येतील. फुगीर जॅकेट घालून बाळाला गाडीच्या कारसीटमध्ये बांधू नका. पट्टा घट्ट वाटतो, पण तो जॅकेटच्या हवेवर घट्ट असतो. धडक बसली की हवा दबते आणि पट्टा सैल होतो, बाळ निसटू शकतं. पातळ फ्लीसवर पट्टे बांधायचे आणि वरून पांघरूण घालायचं, किंवा जॅकेट उलटं करून हात पुढून बाह्यांत घालायचे. इकडे डॉक्टर हे सांगतात, पण भारतातून नातवंडांसाठी जाडजूड जॅकेटं घेऊन येणाऱ्या आजी-आजोबांना कोणी सांगत नाही.

हिमवाट

हे अजिबात माहीत नव्हतं, बहिणीला लगेच पाठवतो. माझा एक प्रश्न: धुता कसं तुम्ही लोक? माझ्या जॅकेटची कॉलर काळी झालीय आणि ड्रायक्लीनवाल्यावर माझा भरवसा नाही.

प्रेअरीकर

ड्रायक्लीन नकोच, त्या रसायनांनी पिसांवरचं नैसर्गिक तेल जातं आणि ती ठिसूळ होतात. कॉलर फक्त मळली असेल तर तेवढीच ओल्या फडक्याने आणि सौम्य साबणाने पुसा. पूर्ण धुणं हंगामात एकदा पुरे. पुढून दार असलेल्या मशीनमध्ये, हलक्या चक्रावर, डाऊनसाठी मिळतो तो खास साबण घालून. नेहमीची पावडर आणि कपडे मऊ करायचं औषध दोन्ही टाळा. खळबळून धुणं दोनदा.

खरी परीक्षा वाळवण्याची. बाहेर काढल्यावर ते भिजलेल्या कोंबडीसारखं दिसेल, घाबरू नका. पिळू नका आणि खांद्याला धरून उचलूही नका, पाण्याच्या वजनाने आतल्या पट्ट्या फाटतात. खालून दोन्ही हातांनी उचला. इथे ड्रायरमध्ये मंद उष्णतेवर दोन-तीन स्वच्छ टेनिसबॉल टाकून फिरवतो, ते आपटून गोळे फोडतात. दोन-तीन तास सहज जातात.

हिमवाट

ड्रायर नाही हो आमच्याकडे. पुण्यात गच्ची आहे.

अनुस्वार

मग एप्रिल-मे गाठा, पावसाळ्यात हात लावू नका. सावलीत, जाळीच्या खाटेवर किंवा स्टँडवर आडवं पसरा, दर तासाभराने उलटा आणि गोळे बोटांनी मोकळे करत राहा. दोन दिवस लागले तरी लागू देत. वरून कोरडं वाटलं तरी आतला गाभा ओला असतो आणि तसंच कपाटात गेलं की बुरशीचा वास धरतं, तो पुढे जात नाही. पूर्ण वाळल्याची खूण म्हणजे एकही गोळा हाताला लागत नाही. आणि ठेवताना त्या छोट्या पिशवीत कोंबून नाही, हँगरला सैल लटकवून. पिशवी फक्त प्रवासापुरती.

मृद्गंध

हे सगळं लेकीला पाठवलं. तिचं उत्तर आलंय: "आई, टेनिसबॉल सामानात टाकू का?"

खवचट

टाका. सामान तपासणारा विचारेल तेव्हा 'जॅकेटसाठी' म्हणून सांगायचं आणि त्याचा चेहरा बघायचा. फोटो इथे डकवा.